तातेरावांनी पसंत केलेलं पेडल

व्हॉल्व्हची पारख करावी तर तातेरावांनीच, आणि तातेराव तर आपल्या भिंतीला भिंत लागून राहतात, तेव्हा आपलं काम झालंच म्हणून समजा, असं संपत भोकरदनच्या अख्ख्या गल्लीला सांगत सुटला होता.

काम असं होतं. गिरिजाबाईंच्या भीमगीतांच्या पार्टीत संपत गिटार वाजवायचा. म्हणजे वाजवताना दिसायचा! एकीकडे ढोलकी, दुसरीकडे गिरिजाबाईंचा खणखणीत आवाज, आणि मधल्या मध्ये त्याची गिटार पार चेपून जायची. कार्यक्रम संपला की लोक ढोलकीवाल्याला चहा पाजायचे आणि संपतला विचारायचे, "तुम्ही बाईंचे कोण?" गिरिजाबाई दिवसा अंगणवाडी चालवायच्या, त्यामुळे कुणाचं रडगाणं ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी निकाल देऊन टाकला. "या जयंतीला हसनाबादेत गिटार ऐकू आली तर ठीक. न्हाई तर मंग मी बेंजोवाला बघते."

बेंजोचं नाव ऐकून संपतची झोप उडाली. औरंगाबादच्या एका ऑर्केस्ट्रात त्याने गिटार गुरगुरताना ऐकली होती. वाजवणारा पायाखालची डबी दाबायचा, की सरळ सूर टराटरा फाटायचा आणि मंडप हादरायचा. त्या डबीला पेडल म्हणतात आणि त्यातल्या सगळ्यात भारी पेडलमध्ये जुन्या रेडिओसारखा काचेचा व्हॉल्व्ह असतो, एवढी माहिती त्याने काढली. व्हॉल्व्ह म्हटलं की तातेराव!

तातेराव लाउडस्पीकरवाले. त्यांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. गोधडीत गुंडाळून ते तो एसटीने न्यायचे, आणि खिडकीची जागा त्याला देऊन स्वतः उभे राहायचे. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, जयंती असो, तातेरावांच्या भोंग्यातला आवाज कधी फाटला नाही. पुढारी कितीही ओरडला तरी फाटला नाही! असा माणूस शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं संपतला मनापासून वाटायचं आणि ते खरंच होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. आवाज फाडायचं यंत्र निवडायला तो अशा माणसाला घेऊन निघाला होता, ज्याने सगळा जन्म आवाज फाटू न देण्यात घालवला होता.

औरंगाबादच्या दुकानदाराने पहिलं पेडल जोडून दिलं. संपतने तार छेडली. गिटार अशी गुरगुरली की त्याला तिथेच नाचावंसं वाटलं. तातेरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"फाटून राह्यलंय. दुसरं दाखवा."

दुसरं जास्त फाटलं. तातेरावांनी दुकानदाराकडे असं पाहिलं, जणू त्याने किडकी ज्वारी मापून दिली होती. दुकानदार म्हणाला, साहेब, हे फाटण्यासाठीच असतं. तातेराव म्हणाले, धंदा आम्हीपण करतो, पण गिऱ्हाइकाला असं सांगत नाही.

मग तिसरं आलं. त्याला जाळीची खिडकी होती आणि आत इवलासा व्हॉल्व्ह लालसर पेटला होता. तातेराव खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. तेही फाटतंच होतं म्हणा, पण तातेरावांनी त्यावर मायेने हात ठेवला.

"हे घे. चांगल्या घरचं हाय. थोडं बिमार हाय, मी बराबर करतो."

येताना एसटीत संपतने धीर करून सांगितलं की मामा, मला आवाज फाटलेलाच पाहिजे. तातेरावांना गहिवरून आलं. आपल्याला त्रास नको म्हणून पोरगं फाटक्यावर भागवायला निघालंय! त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि संकोच करू नको म्हणाले.

पेडल त्यांनी घरी नेलं ते थेट जयंतीच्या दिवशी हसनाबादेत स्टेजवर आणून दिलं. संपतने घाईघाईने पाहिलं तर आवाज फाडायचं बटण शून्यावर आणून तातेरावांनी त्यावर लाखेचा थेंब टाकला होता. ते जागचं हलेना! दुसरं बटण, नुसता आवाज वाढवायचं, तेवढं त्यांनी मोठ्या मनाने शेवटपर्यंत उघडून ठेवलं होतं. समोर हसनाबाद बसलेलं, आणि संपतला डोळ्यापुढे बेंजो दिसायला लागला.

गिरिजाबाईंनी गाणं उचललं. दुसऱ्या कडव्याला संपतने जिवावर उदार होऊन पेडल दाबलं.

पेडलने आवाज बिलकुल फाडला नाही. त्याने तो फक्त दणकून वाढवला आणि तातेरावांच्या अँप्लिफायरमध्ये ढकलला. सगळी पार्टी त्या एकाच अँप्लिफायरवर. एवढा रेटा त्याने जन्मात सोसला नव्हता. तो फाटला! आणि काय फाटला! गिटार वाघासारखी गुरगुरली, ढोलकी गरजली, गिरिजाबाईंच्या आवाजाला अशी धार चढली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

तातेराव पांढरे पडले. इतक्या वर्षांची अब्रू भर जयंतीत चालली होती. त्यांचा हात अँप्लिफायर बंद करायला पुढे झाला, तेवढ्यात गिरिजाबाईंनी गाता गाताच त्यांना बोट दाखवून जागीच थांबवलं. अंगणवाडीतली पोरं थांबतात तसे ते थांबले. बाईंनी तेच कडवं पुन्हा घेतलं, मग आणखी एकदा. टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

गाणं संपताच लोक स्टेजकडे धावले. संपतने गिटार सावरली आणि हसतमुखाने पुढे झाला. लोक त्याला वळसा घालून तातेरावांकडे गेले. त्यांच्या गळ्यात हार पडले.

"भाऊ, बिघाड झाल्ता हो तो," तातेराव काकुळतीने सांगत होते.

"एवढं करून वर बिघाड म्हणतो माणूस!" एक म्हातारा भारावून म्हणाला. तातेराव जितके नाही म्हणत गेले तितके लोक त्यांच्या पाया पडत गेले.

गिरिजाबाईंनी जाता जाता संपतला सांगितलं, बेंजोचा विषय बंद. संपतला आभाळ ठेंगणं झालं. तातेरावांमुळेच हे झालं, असं तो मनापासून सगळ्यांना सांगत राहिला. ते लोकांना आधीच ठाऊक होतं.

पुढच्या जयंतीला टेंभुर्णीचं बोलावणं आलं, तातेरावांच्या नावावर. सोबत कुणी गायला-वाजवायला असेल तर आणा म्हणाले. एसटीत खिडकीशी अँप्लिफायर बसला. शेजारी तातेराव, आता न्यायला आलेल्या टेंभुर्णीकरांनीच धरून ठेवलेल्या जागेवर, मांडीवर पेडल घेऊन. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. संपत खांद्याला गिटार लावून दांडीला लोंबकळत होता.

बऱ्याच वेळाने तातेरावांचं लक्ष गेलं. त्यांचा जीव कळवळला.

"अरे, किती वेळचा उभा हायेस," ते म्हणाले. "आण इकडं. गिटार बसव."