दोडक्याच्या फुलाचं आमंत्रण

माप घेता घेता दस्तगीरचाचा मध्येच टेप तुमच्या कमरेला तशीच सोडून रस्त्यावर पळतात आणि तिथून ओरडतात, "आवं, या की लौकर! उडंल ती!" टेप सांभाळत बाहेर जावं, तर समोरच्या कुंपणावर एक इवलीशी मुनिया चोचीनं गवताचं पातं ओढत असते.

"बघून घ्या. फुकट हाय," चाचा म्हणतात.

फलटणला ते आमचे शेजारी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं शिलाईचं दुकान. माझ्या एका पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. तक्रार केली, तर म्हणाले, "व्हय, त्या दिवशी पोपटांचा थवा आलता." जणू कात्री पोपटांनीच चालवली होती.

भाद्रपदात एका दुपारी ते आमच्या दारात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं.

"सांजच्याला घरी या. आमच्या दोडक्याला पयलं फूल यायचं हाय. कळी फुगलीया. दिस मावळताना उमलतंय, लय नाजूक काम असतंय."

बायको हसू दाबत म्हणाली, "जा. लग्न नाही, निदान आहेर तरी वाचला."

गेलो. परसात दोडक्याच्या वेलासमोर खाट टाकली होती आणि खाटेवर उशांना टेकून हमीदाचाची बसल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलत राहायला सांगितलं होतं, म्हणून चाचा दिवसभर बोलत. त्या छताकडं बघत पडून राहत. आज चाचांनी त्यांची वेणी घातली होती. वाकडीच, पण घट्ट.

"आता गप बसा," चाचा मला म्हणाले. मी बोलतच नव्हतो.

ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकलं आणि विझलं. वाऱ्याला ओल्या मातीचा, पानांचा वास होता. कळी हलतेय की माझेच डोळे हलतायत, कळेना. मग तिची मिटलेली कड जराशी सैल झाली. एक पाकळी सुटली, दुसरी सुटली. बघता बघता त्या निळसर अंधारात एवढंसं पिवळं फूल उघडं झालं, चुरगळलेल्या मलमलीसारखं. कुठूनसा एक पिठूळ पंखांचा पतंग आला आणि त्यावर थरथरत राहिला.

चाचींनी फुलाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. धडधाकट हात उचलून पदर सारखा केला. ओठ दोनतीनदा हलले.

"च्या," त्या जडपणे म्हणाल्या. "च्या... दे की... त्यास्नी."

चाचा "व्हय, व्हय, आणतो की," म्हणत आत पळाले. आत नळ वाहू लागला आणि बराच वेळ वाहतच राहिला.

चहा आला, त्यात पत्ती घालायचीच राहिली होती. नुसतं गरम, गोड दूध. चाचींनी कपात डोकावून पाहिलं आणि त्या अर्ध्या ओठानं हसल्या. मी आणखी एक कप मागून घेतला.