गोठ्यातली तेवीस झाडं

"सर, झाडाचे केस कापले तर झाड मरतं का?"

भर वर्गात हा प्रश्न विचारून दाखव, अशी नादिया आणि संघमित्रा या मैत्रिणींनी विनीशी पैज लावली होती. मागच्या वर्षापर्यंत विनी हजेरीलाही पुटपुटायची. यंदा नववीत गेल्यापासून मात्र तिचा आवाज शेवटच्या बाकावरून थेट फळ्यापर्यंत पोचायला लागला होता. सगळा वर्ग हसला, पण विज्ञानाच्या सरांनी खडू खाली ठेवला.

"मरत नाही. उलट जोमाने फुटतं. छाटणीला घाबरायचं नसतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची..."

आणि घंटा झाली. ती एक गोष्ट कोणती, हे विचारायला कोणी थांबलं नाही. विनी तर नाहीच.

मालाडच्या गावठाणात विनीच्या घरासमोर तिच्या आजाचा, म्हणजे ॲम्ब्रोजचा, बडलेजा होता. तीस वर्षांपूर्वी आजाने हे फुलझाड खंडाळ्याहून आणलं. पांढऱ्या तुऱ्यांचा, गोड वासाचा, फुलपाखरांचा लाडका. आजाने त्याला कधी कात्री लावली नाही, त्यामुळे तो कौलांच्याही वर गेला. फुलं वर, फुलपाखरं वर, खाली नुसती काटकं. वाऱ्याने मोडलेल्या फांद्या आजा कुंडीत लावायचा, घमेलंभर शेणखत घालायचा आणि आठवड्यात त्या सडायच्या. तीस वर्षांत एक फांदी जगली नव्हती.

नोव्हेंबरअखेर आजा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वसईला लेकीकडे गेला आणि विनीने मोठी कात्री काढली. उजवी बाजू जरा जास्त गेली, म्हणून तिने डावी घेतली. मग डावी जास्त गेली. दुपारपर्यंत दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या, विनीच्या गुडघ्याएवढ्या.

मम्मी बाहेर आली. "विने, हे काय?"

"छाटणी. सर म्हणाले, जोमाने फुटतं."

"सर येणार आहेत का आजाला सांगायला?"

संध्याकाळी आजाचा फोन आला. बडलेजा कसा आहे, हा पहिला प्रश्न. डॅडींनी मम्मीकडे बघितलं. "एकदम मोकळा झालाय," ते म्हणाले आणि फोन विनीच्या हातात दिला. विनीने आजाला डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांगितलं.

खोड कोणाला दिसू नये म्हणून नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, यंदा त्याच्या पुढ्यातच उभारायचं ठरलं. डॅडींनी रेती टाकली, विनीने हिरवळीसाठी गहू पेरले. संघमित्राच्या घरी नाताळ नसायचा, पण गोठ्यातले डोंगर आणि झाडं हे खातं दरवर्षी तिचंच. तिने कापलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे केले, खालची पानं ओरबाडून टाकली आणि ते झाडं म्हणून रेतीत खोचले.

"अगं, टकली झाली ना झाडं," नादिया म्हणाली.

"बेथलेहेमला थंडी असते यार. पानं कुठून येणार?"

गव्हावर कबुतरं बसायला लागली, तेव्हा नादियाने अख्ख्या डोंगरावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं. विनी दोन वेळा पाणी शिंपडायची आणि तेवढ्यात मागच्या खोडाकडे अजिबात बघायची नाही.

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, आजा परतला. काळा चष्मा लावून रिक्षातून उतरला आणि सरळ गोठ्याच्या मागे गेला.

"कोणी केलं?"

"मी," विनी म्हणाली. हा आवाज मात्र मागच्या वर्षीचा होता.

आजा येऊन पायरीवर बसला. मम्मीने चहा आणला, त्याने कप बाजूला ठेवला. विनीला वाटलं, हा ओरडला असता तर किती बरं झालं असतं.

"गोठा तरी आवरा गं," मम्मी हळूच म्हणाली. मुलींनी मेंढरं उचलली, राजे उचलले, प्लॅस्टिक काढलं. संघमित्रा एक झाड उपटायला गेली, तर ते येईना.

"अडकलंय काहीतरी." तिने जोर लावला. रेतीच्या गोळ्यासकट झाड वर आलं. खाली पांढऱ्या मुळांचा झुपका, वर दोन कोवळी पानं.

आजाने काळा चष्मा काढला. "थांब. कोणी हात लावू नका. किती आहेत?"

विनीने मोजली. "तेवीस."

"खत काय घातलंस?"

"काही नाही. नुसती रेती आहे. आणि कबुतरांसाठी प्लॅस्टिक."

"तीस वर्षं मी शेण खायला घालून मारली," आजा स्वतःशीच म्हणाला. मग उठून पुन्हा मागे गेला. "आणि हे खोड बघितलंत? बोटाएवढे फुटवे आलेत. घरात तीन माणसं डोळ्यांची आणि दिसलं ऑपरेशनवाल्याला."

कुंपणावरून शेजारच्या सिंथिया आंटीने हाक मारली. "ॲम्ब्रोज, मला एक दे रे. वीस वर्षं मागतेय."

"मला नको विचारू. माझ्या नातीला विचार. तिने केलीत."

विनीची मान इतकी ताठ झाली की नादियाने तिला कोपर मारलं. आजाने खुंटीवरची मोठी कात्री आणली, धोतराच्या फडक्याने पुसली आणि विनीच्या हातात दिली.

"बडलेजा आता तुझा. छाटायचा केव्हा, ते मला सांग. मी खुर्ची घेऊन बसेन."

विनीने कात्री एकदा उघडून मिटली आणि आईवडिलांकडे वळली. आवाज पुन्हा थेट फळ्यापर्यंतचा.

"मम्मी, डॅडी, मी ठरवलंय. बारावीनंतर शेतकी कॉलेजला जाणार. सराव म्हणून या शनिवारी मम्मीचा कढीपत्ता छाटायला घेते. डॅडी, तुमचा चिकू रविवारी, चर्चमध्ये मिसाला जाऊन आल्यावर."