तात्यांच्या ट्रॉलीचं पासिंग

ज्ञानूतात्यांना तुम्ही हात जोडलेत, तर ते बराच वेळ तसेच जोडलेले ठेवावे लागतात. कारण तोवर तात्या तुमच्या गाडीच्या मागं गेलेले असतात. मोटारसायकल असो, टेम्पो असो, की दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल, आधी गाडीची पाठ बघायची आणि मग माणसाचं तोंड. तिथं वाकून ते दिवा बघतात, नंबरप्लेटवरची धूळ बोटानं पुसतात, लाल रेडियमची पट्टी सुटली असेल तर अंगठ्यानं दाबून बसवतात. मग पुढं येऊन विचारतात, "काय, बरं हाय का?" मी एकदा त्यांना विचारलं की हे काय खूळ. तर म्हणाले, "म्होरचं समद्यास्नी दिसतं. मागचं कोण बघणार?"

हे वाक्य मला रोज सकाळी ऐकावं लागतं, कारण मी त्यांची शेजारीण. एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला जाते. स्कुटी दारातून बाहेर काढली की तात्या लिंबाखालून उठतात आणि मागं उभं राहून म्हणतात, "सूनबाई, ब्रेक दाब." मी दाबते. "लागतोय. जा." हे झाल्याशिवाय मला निघता येत नाही. सुपरवायझरला उशिराचं खरं कारण मी आजवर सांगितलेलं नाही, कारण त्यांचा विश्वास बसणार नाही.

माझी नि त्यांची पहिली भेट झाली माझ्याच लग्नात. माझं माहेर बावडा. आमच्याकडची मंडळी ट्रॉलीत बसून, गाणी म्हणत पिंपळीला आली. वेशीपाशी एक धोतरवाले गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे. आम्हाला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत करायला कुणीतरी वडीलधारं आलंय. माझ्या मामांनी वरूनच रामराम घातला. तात्या ट्रॉलीच्या मागं गेले, बघून आले नि म्हणाले, "ही मालाची गाडी हाय. ह्यात माणसं बसवायची न्हाईत. उतरा." मामा तापले, आत्या रुसली, कुणीतरी आता परत फिरू म्हणालं. तात्या हलले नाहीत. शेवटी माझं सगळं माहेर भर उन्हात चालत मांडवात आलं. आत्या अजून पिंपळीला यायचं म्हटलं की आधी चपला बघते.

घरातही तेच. तात्यांच्या बायको, आमच्या काकू, भजनाला जाताना जी शाल घेतात तिच्या पाठीवर रेडियमची चौकोनी पट्टी शिवलेली आहे. म्हशीच्या दाव्याला आहे. बाहेर टाकलेल्या बाजेच्या पायांनाही आहे. बाज कुठं चाललीय, असं मी विचारलं होतं. "ती चालत न्हाय, पर येणारा चालत येतोय न्हवं?" म्हणाले.

पण ज्या गोष्टीनं मला खरं कोड्यात टाकलं ती म्हणजे तात्यांची ट्रॉली. लिंबाखाली ती उभी असते, नवरीसारखी. निळा रंग, पिवळ्या कडा, मागं दोन लाल दिवे, बाजूनं रिफ्लेक्टर, दांडीला साखळी, ब्रेक, सगळं जिथल्या तिथं. चासीवरचा नंबर तर ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसून वर तेलाचा हात फिरवतात. पासिंगच्या वेळी आरटीओचे साहेब त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तेव्हा आकडा स्वच्छ उठला पाहिजे. खंडेनवमीला गावातले सगळे ट्रॅक्टरला हार घालतात, तात्या ट्रॉलीला घालतात. दर वर्षी हंगामाच्या तोंडाला तिचं पासिंग करून आणतात. साखर कारखान्याकडं उसानं लादलेल्या, दिवा ना नंबर अशा किती ट्रॉल्या जोडीजोडीनं जातात ते आपण बघतोच. त्यात ही एकटी कायद्याला धरून.

आणि तात्यांकडं ट्रॅक्टरच नाही.

ट्रॉली भाड्यानं द्यावी म्हटलं तर घेणाऱ्याच्या ट्रॅक्टरची इतकी तपासणी होते, की माणूस चहा न पिता निघून जातो. म्हणजे वर्षातून एकदाच ही ट्रॉली जागची हलते, ती पास व्हायला. पास होते नि परत लिंबाखाली येऊन उभी राहते. हे कशासाठी, ते मला कळेना. एकदा माझ्या नवऱ्यानं आपला ट्रॅक्टर देऊ केला. तात्या त्याला मागून पुढून बघून म्हणाले, "तुमचा हूक उच्चाय." पुढच्या वर्षी नवऱ्यानं हूक खाली घेतला. तेव्हा म्हणाले, "आता लई खाली गेला." त्यांना दर वर्षी एकच ट्रॅक्टर चालायचा, कालव्यापलीकडच्या आप्पांचा.

आप्पा म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. शेवटी सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोघा भावांनी एकदमच घेतलेली. पुढं बांधावरून शब्दाला शब्द लागला, वाटण्या झाल्या. ट्रॅक्टर आप्पांना गेला, ट्रॉली तात्यांना आली, आणि बोलणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. लग्नकार्यात एकमेकांना टाळून पंगतीला बसतात. पण पासिंगला ट्रॉली न्यायची म्हणजे ट्रॅक्टर जोडावाच लागतो. तेवढ्यासाठी वर्षातून एक दिवस आप्पा तात्यांच्या दारात येतात. म्हणजे तात्या पास काय करून घेत होते, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

यंदा हंगामाआधी आप्पा वाटेत भेटले. म्हणाले, "सूनबाई, त्यास्नी निरोप दे. औंदाचं पासिंग करून देतो. मग ह्यो ट्रॅक्टर मी देऊन टाकतोय. पोरगं नवा घेतंय, त्येच चालवणार. मला आता कंबर न्हाय." मी निरोप दिला. तात्या दांडीच्या साखळीला ग्रीस लावत होते. बरं म्हणाले आणि लावतच राहिले. लावून झाल्यावर पुसून काढलं नि परत लावलं.

पासिंगच्या दिवशी आप्पा सकाळीच आले. दोघांनी मिळून ट्रॉली जोडली. एकानं दांडी उचलली, दुसऱ्यानं पिन टाकली, दिव्यांची वायर लावली, एक अक्षर न बोलता. जन्मभर एकत्र काम केल्यासारखे हात चालत होते, आणि जन्मभर केलंच होतं की. आता तात्यांनी जायचं कसं, हा प्रश्न आला. एरवी ते आपल्या लुनावरून ट्रॉलीच्या मागं मागं जायचे. पण नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणावं, मडगार्डवर बसा."

तात्याही माझ्याकडंच बघून म्हणाले, "त्याला सांग, ट्रॅक्टरला शीट एकच असतंय."

ट्रॉलीत बसायचं नाही, मडगार्डवर बसायचं नाही. मला सुट्टी होती. तेव्हा तात्या हेल्मेट घालून माझ्या स्कुटीवर मागं बसले आणि आमची वरात बारामतीला निघाली. वाटेत ते माझ्या खांद्यावरून ट्रॉलीची पाठ बघत होते. मधूनच "डावा दिवा लागला, बघ. वळताना हात केला त्यानं, बघ," असं सांगायचे. आवाजात कौतुक होतं, आणि ते ट्रॉलीचं नव्हतं.

आरटीओच्या मैदानावर ही रांग. हंगाम तोंडावर, म्हणून सगळ्यांनाच आज आठवण झालेली. रांगेत तात्यांनी नेहमीप्रमाणं पुढच्या मागच्या गाड्यांच्या पाठी तपासल्या, दोन ड्रायव्हरांशी हुज्जत घातली आणि एकाला पदरची रेडियमची पट्टी चिकटवून दिली. मग आपल्या ट्रॉलीच्या मागं जाऊन बराच वेळ खाली बसले. त्यांच्या बंडीच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर कायमच असतो. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवत असतील.

नंबर यायला ऊन उतरलं. साहेब तात्यांना चांगले ओळखून होते. इतरांना ते तात्यांची ट्रॉली दाखवून सांगायचे, अशी आणत जा म्हणून. त्यांनी नंबर घासून घेतला, ब्रेक बघितला, रिफ्लेक्टर बघितले, मान डोलावली आणि आप्पांना दिवे लावायला सांगितले. डावा लागला. उजवा लागला नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तात्या, तुमची ट्रॉली आणि दिवा बंद?"

"बंद हाय खरा," तात्या म्हणाले. मैदानात एवढा शांत माणूस दुसरा नव्हता.

साहेब भले. म्हणाले, बल्बच गेला असेल, बदला, मी थांबतो. पट्टी मिळालेला ड्रायव्हर स्वतःच्या गाडीतला बल्ब घेऊन धावत आला. तात्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत केला. हा बसायचा नाही म्हणाले. दुसऱ्यानं दुसरा आणला. त्यालाही काहीतरी खोड काढली. साहेब समजावू लागले, तर तात्या त्यांनाच समजावू लागले, "सायेब, दिवा का गेला त्ये बगाया नगं? वायरिंग समदं उकलावं लागंल. असं वरवरचं पास करू नका. कायदा हाय."

आपली ट्रॉली नापास करा म्हणून साहेबाशी भांडणारा माणूस त्या मैदानानं पहिल्यांदाच बघितला असेल. साहेब आप्पांकडं वळले आणि म्हणाले, तुमच्याकडं असेल की एखादा. आप्पांनी सीटखालची पेटी उघडली. मी शेजारीच होते. पान्यांच्या वर, कोऱ्या खोक्यात, बल्ब समोरच होता. आप्पांनी तो बघितला. मग तात्यांकडं बघितलं. तात्या जमिनीकडं बघत होते आणि त्यांचा हात बंडीच्या खिशात होता.

आप्पांनी पेटी बंद केली. "माझ्याकडं न्हाय, सायेब," म्हणाले.

साहेबांनी नाइलाजानं पुन्हा यायला सांगितलं.

निघण्याआधी तात्या परत ट्रॉलीच्या मागं बसले. मला म्हणाले, "तू हो म्होरं, मी आलोच." पिंपळीच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधारून आलं होतं. आप्पांनी दिवे लावले. मी बघितलं, तर आमच्या पुढं ट्रॉलीचे दोन्ही दिवे लाल, लख्ख लागलेले. नापास व्हायचं म्हणजे मैदानापुरतं. रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली काढणं तात्यांच्यानं झालं नव्हतं. मागं बसलेल्या तात्यांनी यावेळी मला कुठलाच दिवा दाखवला नाही. पुढं आप्पांनी मान वळवली, लाल उजेड बघितला आणि पुन्हा समोर बघून चालवू लागले.

दारात ट्रॉली सोडली. आप्पांनी पिन काढली, पुसली, तात्यांच्या हातात दिली. मी निरोप पोचवायला म्हणून उभीच होते. पण आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"तात्या," ते म्हणाले, "ट्रॅक्टर आत्ताच देत न्हाय मी. आधी हिचं पासिंग हूं दे."

तात्यांनी पुसलेली पिन परत पुसली. "वायरिंगला लई दीस लागतील, आप्पा."

"लागू देत की."

आप्पा ट्रॅक्टरवर चढले. चहा घ्या असं म्हणायचं काकूंना सुचलं तोवर ते निघालेही होते. तात्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, माझं माहेर अडवलं होतं तसेच. ट्रॅक्टर कालव्याच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ते तिकडंच बघत होते. मी म्हटलं, तात्या, गेले ते, आत चला.

"दिवा चालू हाय त्याचा," तात्या म्हणाले आणि ऑपरेशन झालेला डोळा धोतराच्या सोग्यानं पुसला.