सुनेची हजेरी, सासूचा आवाज

हजेरी लावायला अक्कल लागत नाही, जागेवर बसावं लागतं, असं साखरखेर्ड्याच्या रुखमाबाईंचं ठाम मत होतं. आणि जागेवर बसण्यात अख्ख्या गावात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्न असो की बचत गटाची बैठक, रुखमाबाई एकदा मांडी घालून बसल्या की खालची सतरंजी काढायची सोय नसे. म्हणून सुनेच्या कॉलेजची अडचण कानावर आली तेव्हा त्यांनी ती चहा संपायच्या आत सोडवून टाकली.

अडचण अशी होती. सून छाया बी.ए. करत होती, घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. बी.ए. एकदा लग्नात अडकलं होतं, एकदा बाळंतपणात. यंदा तिसरी खेप, आणि यंदाही वर्ष गेलं तर विद्यापीठ तिचं नाव कायमचं काढून टाकणार होतं. आजवर पुस्तकं पोस्टानं यायची आणि परीक्षा वर्षातून एकदा. पण यंदा विद्यापीठानं कात टाकली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ऑनलाइन वर्ग, आणि पाऊणपट हजेरी नसेल तर परीक्षेला बसायचं नाही.

आता मंगळवार-शुक्रवार म्हणजे नेमकी वांग्याची तोडणी. माल दुपारच्या गाडीत चढायलाच हवा, आणि छायाइतका झपाझप हात दुसऱ्या कोणाचा चालत नव्हता. बरं, फोन वावरात न्यावा तर तिथं रेंज नाही. रेंज सापडायची ती फक्त घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ.

"तू जाय वावरात," रुखमाबाई म्हणाल्या. "मी तशीबी मिरच्या राखायले वरच बसते. बसते फोनपाशी. त्यात काय हाये?"

"आत्याबाई, नाव घेतलं की फक्त 'हो मॅडम' म्हणायचं. दुसरं काईच बोलायचं नाई."

"मी कायले बोलते?"

रुखमाबाईंचे यजमान उकंडराव शेजारी चहा पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला. लग्न झाल्यापासून ही बाई न बोलता बसलेली त्यांनी फक्त दाढ काढली त्या दिवशी पाहिली होती.

पहिल्या मंगळवारी रुखमाबाईंनी टाकीला फोन टेकवला आणि समोर ठाण मांडलं. शिकवणाऱ्या अनुपमा मॅडम बुलढाण्याहून बोलत होत्या. विषय समाजशास्त्र. मॅडम नव्या दमाच्या, नुकतंच प्रशिक्षण घेऊन आलेल्या. नेट पुरावं म्हणून त्यांनी सगळ्यांना कॅमेरे बंद ठेवायला सांगितले, आणि मग म्हणाल्या, "यंदापासून आपलं शिक्षण विद्यार्थीकेंद्रित आहे. मी कमी बोलणार, तुम्ही जास्त बोलणार."

पगार घेऊन कमी बोलणारी बाई रुखमाबाईंना फार आवडली.

"छाया, साखरखेर्डा?"

"हो मॅडम."

झालं काम. रुखमाबाई मिरच्यांकडे वळणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "छाया, मग तुमच्यापासूनच सुरू करू. पुस्तक बाजूला ठेवा. स्वतःचा अनुभव सांगा. तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?"

"मी," रुखमाबाई म्हणाल्या. खरं ते पटकन तोंडून निघून गेलं.

"अरे वा! सून असून?"

रुखमाबाईंनी जीभ चावली. "म्हंजे, मी अन् सासूबाई. दोघी मिळून."

"छान. सासूबाई कशा आहेत तुमच्या?"

आता खरं म्हणजे इथं 'बऱ्या हायेत' म्हणून विषय संपवता आला असता. पण रुखमाबाईंबद्दल त्यांच्या जन्मात कोणी असं आस्थेनं विचारलं नव्हतं, आणि उत्तर द्यायला त्यांच्याइतकं माहीतगार माणूसही दुसरं नव्हतं.

"काय सांगू मॅडम," त्यांनी आवाज बारीक केला, "देवमाणूस हायेत. सकाळी मले अंथरुणात चहा देतात. बाळंतपणात माहे पाय चेपले. कधी वरच्या आवाजात बोलणं नाई, का टोमणा नाई."

मॅडम गहिवरल्या. धाड गावची जयमाला म्हणून एक विद्यार्थिनी होती, तिनं तर एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो फोनमधून गच्चीवर ऐकू आला.

संध्याकाळी छाया वावरातून आली. "आत्याबाई, कोणी काई विचारलं?"

"हजेरी लागली तुही," रुखमाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटायला खाली वाकल्या.

त्यानंतर रुखमाबाईंना वर्गाची गोडीच लागली. कॅमेरा बंद असला तरी त्या वेणी घालून, ठेवणीतलं पातळ नेसून गच्चीवर जाऊ लागल्या. खाली उकंडरावांनी मोटर चालू केली की वरून ओरडायच्या, "बंद करा ते, माहा क्लास चालू हाये." एकदा जयमालानं तक्रार मांडली की तिची सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावते. सगळ्या पोरी हळहळल्या. रुखमाबाईंना राहवलं नाही.

"अवं, तू साखर सांडत असशीन. सासू काऊन उगाच कुलूप लावीन? तिच्या जागी बसून पाह्य जरा."

"छाया, तू सून असून सासूकडून बोलून राह्यली?" जयमालानं विचारलं.

"माह्या सासूनं मले तसंच वळण लावलं," रुखमाबाई म्हणाल्या. मॅडमनी याला 'दुसऱ्या बाजूनं विचार करण्याची क्षमता' म्हटलं आणि छायाच्या नावावर शाबासकी नोंदवली.

मग भूमिका-पालटाचा वर्ग आला. प्रत्येकीनं आपली सासू होऊन दाखवायचं, आणि त्याला गुण होते. बाकीच्या पोरी घाबरल्या. रुखमाबाई मनातल्या मनात हसल्या. मुलखातली कुठलीच सून आज आपल्यासमोर टिकत नाही, अशी त्यांची खात्री होती.

नेमका त्यांचा नंबर लागला आणि उकंडराव तंबाखूची डबी शोधत गच्चीवर आले. आले ते सरळ मिरच्यांवरून.

"डोये हायेत का बटन हायेत?" रुखमाबाई कडाडल्या. "चार दिवसांचं वाळवण हाये ते. तुमच्या मायनं तुमाले चालायले शिकवलं का नाई? अन् खाली पोरगं रडून राह्यलं, ते कोण पाहीन, मी? सून वावरात, मी इथं, अन् तुमी तंबाखू पाह्यत फिरता."

उकंडराव आल्या पावली उतरले. रुखमाबाईंना वाटलं, आता टाळ्या पडणार.

"छाया," मॅडम जपून म्हणाल्या, "प्रयत्न चांगला होता. पण अभिनय जरा भडक झाला. तुमच्या सासूबाई किती शांत आहेत ते आपण ऐकलंय. आणि खऱ्या आयुष्यात कोणतीच सासू इतकी कर्कश बोलत नाही. दहापैकी चार."

त्या दिवशी रुखमाबाईंना भाकरी गोड लागली नाही. आपण स्वतःच्या भूमिकेत नापास झालो, हे दुःख सांगायचं तरी कोणाला?

खरं संकट मात्र पुढेच होतं. परीक्षेआधी तोंडी होती, कॅमेरा लावून, अख्ख्या वर्गासमोर. त्या दिवशी छायानं तोडणीला सुट्टी घेतली, चांगली साडी नेसली आणि टाकीजवळ बसली. रुखमाबाई तिच्या मागोमाग गच्चीवर आल्या.

"छाये, घसा बसला म्हणून सांगजो."

"काऊन? चांगला तं हाये घसा."

"चांगला असला तरी सांगजो. मोठ्या माणसाचं ऐकत जाय."

सुनेनं काही ऐकलं नाही. रुखमाबाई टाकीच्या मागं दडून बसल्या.

"नमस्कार मॅडम," छाया म्हणाली.

"अगं, आवाज किती वेगळा येतोय आज तुझा! असो. आधी तुझ्या सासूबाईंना बोलव बरं. सगळ्या वर्गाला त्यांना बघायचंय. रोज अंथरुणात चहा देणाऱ्या सासूबाई!"

"कोण देते चहा?" छायानं विचारलं.

टाकीमागं रुखमाबाईंनी डोळे गच्च मिटले.

"तूच तर सांगितलंस. पाय चेपल्याचंही."

"मॅडम, मी कधी बोलली? मी तं..." छाया अडखळली. आपण वर्गात कधी नव्हतोच, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मॅडमचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या काही रागीट बाई नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

"छाया, इतके दिवस तुझ्या नावानं दुसरंच कोणी बोलत असेल, तर ती हजेरी मला कापावी लागेल. मग तुला परीक्षेला बसता येणार नाही."

छायाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण तिनं सासूचं नावसुद्धा घेतलं नाही. ते मात्र रुखमाबाईंना सहन झालं नाही. त्या टाकीमागून बाहेर आल्या आणि सरळ कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी बोलत होती. पोरगी वावरात वांगे तोडत होती, मी काय काय बोलली ते तिले माहीत नाई. मी बोलून राह्यली हे मी तिलेबी सांगितलं नाई. तिचं वर्ष कापू नका. ह्या पोरीनं लय खस्ता खाल्ल्या शिकण्यापाई."

"मग तो चहा?"

"एकबी कप नाई देल्ला."

"आणि पाय चेपणं?"

रुखमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चेपले, पण तिनं. माहे."

तिकडं धाडात जयमाला तोंडाला ओढणी लावून हसत होती. ओढणी काही पुरत नव्हती.

मॅडमनी नियमांची प्रत चाळली. मग म्हणाल्या, "बुडालेले वर्ग भरून काढायची सोय नियमात आहे. त्यासाठी मी विद्यापीठाकडे परवानगी मागू शकते. पण मागावी की नाही? हा वर्ग तुमचा आहे असं मी वर्षभर म्हणत आले. तेव्हा तुम्हीच ठरवा."

पोरींनी ठरवायला फार वेळ घेतला नाही. जयमाला पुढे झाली. "परवानगी मागा मॅडम. बुडालेले सगळे वर्ग छायानं स्वतः बसून करावे. अन् तवा तिच्या वाटचे वांगे तिच्या सासूनं तोडावे. चालते का, विचारा त्याइले."

सगळ्या जणी 'हो' म्हणाल्या. हे विद्यार्थीकेंद्रित प्रकरण भलतंच वाईट आहे, असं रुखमाबाईंना पहिल्यांदाच वाटलं. पण शेजारी छाया ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती.

"हाव," त्या म्हणाल्या. "चालते."

परवानगी आली. छाया गच्चीवर आणि रुखमाबाई वांग्यात, असं सुरू झालं. वांग्याचे काटे बोटांत शिरत, कंबर धरत असे, आणि दुपारची गाडी काही कोणासाठी थांबत नसे. सून हे सगळं हसतमुखानं कसं करत होती, याचा विचार रुखमाबाईंनी आधी कधी केला नव्हता. आता करायला वेळच वेळ होता, कारण वावरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

अखेर भूमिका-पालटाचा वर्ग पुन्हा आला. छाया आता आपली सासू करून दाखवणार होती. रुखमाबाईंचा जीव वांग्यात लागेना. अर्धी तोडणी उकंडरावांच्या गळ्यात घालून त्या घरी आल्या आणि गच्चीच्या जिन्यात कान देऊन उभ्या राहिल्या. एवढं सगळं सोसलेली सून आता संधी मिळाल्यावर काय काय बोलेल, याची त्यांना धास्ती होती.

छायानं कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि आवाज लावला.

"छाये, भाजीत मीठ टाकलं का वावरातली माती? अन् असं लंगडून काऊन चालून राह्यली? काटा मोडला? दाखव पाय. दाखव म्हणते ना. काटा पायात घेऊन फिरते अन् सांगत नाई, मी का मेली होती? बस इथं. अन् परीक्षा हाये ना तुही यंदा? मंग भांड्याले हात लावू नको. अभ्यास कर. नापास झाली तं तंगडं मोडीन."

जिन्यात रुखमाबाईंना एकदम भरून आलं. हे सगळं त्या बोलल्या होत्या, शब्दन् शब्द. सुनेनं शिव्या लक्षात ठेवल्या असतील हे त्यांना माहीत होतं. काटा काढलेलाही ती विसरली नव्हती.

वरती टाळ्या पडत होत्या. "अगदी खरी सासू उभी केलीस," मॅडम म्हणाल्या. "दहापैकी नऊ. आणि तुझी हजेरी पूर्ण झाली, तुझा परीक्षेचा अर्ज मी आजच पाठवते."

रुखमाबाईंनी डोळे पुसले, देवाला हात जोडले, आणि मग त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तरातरा पायऱ्या चढून त्या कॅमेऱ्यासमोर आल्या.

"मॅडम, एक विचारते, राग मानू नका. मी मले करून दाखवलं तं चार, अन् छाया मले करते तं नऊ. असं काऊन?"

"तुमच्यात खरेपणा कमी पडला हो," मॅडम हसत म्हणाल्या.

हे वाक्य रुखमाबाईंना फार लागलं. दिवसभर त्या गप्प होत्या. इतक्या गप्प, की उकंडरावांनी दाढ दुखते का म्हणून विचारलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात छायाच्या हातून दूध उतू गेलं आणि अख्ख्या ओट्यावरून ओघळलं. रुखमाबाई उठल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली, तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या. मग सुनेजवळ सरकून हळूच म्हणाल्या,

"छाये, इथं मी काय म्हणत असते वं?"