आगळात न्हालेलं पेन

"निब बदलायचं म्हणजे काय मोठंसं! पाच मिनिटांचं काम!" हरिहररावांनी आरशातल्या स्वतःलाच ऐकवलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नव्हती.

पेन सासऱ्यांचं, केळशीच्या तात्यांचं. लग्नात जावयाच्या खिशाला लावताना तात्या म्हणाले होते, "जपा हो! नाही जपलंत तर परत नेईन!" आणि आज तेच तात्या जेवायला येणार होते. नातीच्या, सावनीच्या लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची, तिच्यावर देवाचं नाव तात्या लिहिणार, तेही याच पेनाने! आणि हरिहररावांनी कालच डिंकाच्या बाटलीचं तोंड कोरताना निब पार वाकडं करून ठेवलेलं. पेन गेलं तर सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

बाजारातून नवं निब गुपचूप आणलं. पण जुनं हलेल तर शपथ! आत शाई वाळून दगड झालेली. ओढलं, पिळलं, देवाला साकडंही घातलं. मग एकदम सुचलं. कोकमाच्या आंबट रसाने, आगळाने, देवाची तांब्याची भांडी कशी लखलखतात! मग पेनाने काय घोडं मारलंय?

वाडगाभर आगळ घेऊन त्यांनी पेनाचं तोंड त्यात बुडवलं, ड्रॉपरने पेनाच्या पोटातही आगळ भरलं. थोड्या वेळाने जुनी निळी शाई वाडग्यात उतरली आणि जुनं निब सुळकन बाहेर! हरिहरराव जागच्या जागी नाचले. आनंदाच्या भरात धुतलेल्या पेनात पुन्हा ताजं आगळ भरलं आणि नवं निबही वाडग्यात टाकलं, चकाकू दे म्हणून.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. "अहो, तात्या आले!" मालिनीताईंनी हाक मारली. पेनाला टोपण लावून, ते खिशात कोंबून हरिहरराव धावले.

पानं वाढली. मालिनीताईंनी सोलकढीच्या वाट्या ठेवल्या आणि हरिहरराव वाटीत डोकावले. कढी गुलाबी नव्हे, शाईने जांभळी झाली होती!

"अगो, आगळ कुठचं घातलंस?"

"तुम्ही काढून ठेवलेलं होतं ना ओट्यावर, तेच! कधी नव्हे ती मदत केलीत!"

म्हणजे निब कढीत! पण कुणाच्या वाटीत?

हरिहररावांनी स्वतःची वाटी घटाघटा संपवली. निब नाही! सावनीची ओढली. नाही! बायकोची उचलली.

"बाबा, हे काय चाललंय?" सावनी ओरडली.

"फक्कड झालीय गो! राहवत नाही!" असं म्हणत त्यांनी तात्यांच्या वाटीकडे हात नेला.

"जावईबापू, माझी तरी ठेवा!" तात्यांनी वाटी उचलून भुरका मारला आणि थबकले. हळूच तोंडात बोटं घालून त्यांनी काहीतरी चमकतं बाहेर काढलं. "मालिनी! आपल्या घरात माशाचा काटा?"

"काटा नाही, तात्या... निब आहे." हरिहररावांनी डिंकापासून कढीपर्यंत सगळं एका दमात ओकून टाकलं. मालिनीताईंनी कपाळावर हात मारला.

तात्या उठले. हात धुतले, निब धोतराला पुसलं. "आणा ते पेन."

झालं! पेन चाललं केळशीला! हरिहररावांनी खिशातून पेन काढून दिलं. तात्यांनी निब खटकन बसवलं, पत्रिका पुढे ओढली आणि लिहू लागले. कागदावर 'श्री' उमटला तो लालचुटुक! पेनाच्या पोटातलं आगळ अक्षरात उतरलं होतं.

"अहाहा! कुंकवासारखा रंग!" तात्यांचा चेहरा उजळला. "आणि काय झुळझुळीत चालतंय हो! माझ्याकडे असताना असं कधी चाललं नव्हतं! शाबास, जावईबापू!"

वाचलो! हरिहररावांची छाती हातभर फुगली. त्यांनी पेन घ्यायला ऐटीत हात पुढे केला.

तात्यांनी टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशाला अडकवलं. "इतकं छान चालतंय, तर आता मीच वापरीन म्हणतो. तुम्ही हे घ्या." असं म्हणून त्यांनी जावयाच्या हातात आपलं बॉलपेन ठेवलं. "याला निब नसतं. तरी जपा हो!"