दस्त्यावरची खाच

घरातून निघतानाच माधवीने नवऱ्याचं भिंग काढून घेऊन आपल्या पर्समध्ये कोंबलं होतं. आज वडप्याला मुलाच्या घरी त्यांच्या लेकीच्या, भाविकाच्या लग्नाची सुपारी फुटायची होती, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर जुना फोटो दिसला की केसरीनाथ माणसांत राहत नसे.

त्याला फोटोतल्या लष्करी बंदुका ओळखायचा नाद होता. खरी बंदूक ठेवायची तर लायसन लागतं, म्हणून तो नुसते फोटो जमवायचा आणि धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत तासन् तास त्यांची कुळी शोधत बसायचा. खरी बंदूक त्याला एकच हवी होती, वडिलांच्या फोटोतली. लढाईत मिळालेली ती बंदूक पुढे कुणीतरी चोरली, असं वडील राघो मरेपर्यंत सांगत. तिच्या दस्त्यावर नखाएवढी खाच होती. तो फोटो केसरीनाथच्या खिशात कायम असे.

चहा झाला. चोरीला गेलेल्या बंदुकीची गोष्टही केसरीनाथची सांगून झाली. मुलाचे वडील बाळारामशेठ यांनी सुपारी फोडायला बत्ता उचलला, आणि केसरीनाथ सोफ्यावर चढला.

"अहो, खाली उतरा," माधवी दात आवळून म्हणाली.

"ही आमची बंदूक हाय."

भिंतीवरच्या फोटोत बाळारामचे वडील वर्दीत उभे होते, हातात बंदूक. केसरीनाथने खिशातला फोटो शेजारी धरला. "थ्री नॉट थ्री. दोन्ही फोटोंत गोळी भरायचा बोल्ट हाताआड गेलाय, पण ही खाच बघा."

खाच तीच होती. माधवीने कपाळावर हात मारून घेतला.

"तुमची तं चोरीला गेलती ना?" बाळारामने बत्ता खाली ठेवला. "मग आमचे बाबा चोर काय?"

"तसं कुठं बोललो? चोरीला गेलेली वस्तू तुमच्याकडं सापडली, एवढंच बोललो."

"बर्माच्या लढाईत होते आमचे बाबा. गावाच्या कमानीवर नाव हाय त्यांचं."

"आमच्या बाबांच्या नावाचा अंबाडीला क्रिकेटचा चषक हाय, वीर राघो चषक."

"मग चषकच घेऊन जा. मुलगी नको आम्हाला."

माधवीच्या पर्समध्ये भाविकाचे मिस्ड कॉल वाजत होते. सुपारी फुटली की उलट मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलं होतं. पोरीला आता काय सांगायचं, या विचाराने माधवी रडायच्या बेतात होती. त्या भिंगासकट नवऱ्याला खाडीत ढकलून द्यावं, असंही तिला मनापासून वाटलं.

इतक्यात बाळारामची आई, धोंडूबाई, आतून काठी टेकत आली.

"बाळ्या, बस खाली. तुझा बाबा आनि यांचा राघो, दोगं एकाच दिशी फोटो काडाला गेलते. मी होते संगं. बंदूक फोटोवाल्याची, लाकडाची. मना बी धराला दिलती. मना हसू आला तं तो बोलला, बाय, हलू नको."

"आनि लढाई?" बाळारामने विचारलं.

"कल्यानच्या क्यांपात दोगं बटाटे सोलायचे."

"मग इतकी वर्षं बोललीस का न्हाय?"

"कमान बांधताना मना कोनी इचारलं?"

बाळारामला कमान दिसत होती, केसरीनाथला चषक. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाळारामने बत्ता असा हाणला की सुपारीचा एक तुकडा सोफ्याखाली गेला.

"घरातली गोष्ट घरातच राह्यला पायजे, व्याही."

"घरातच राहील, व्याही."

माधवीने घाईघाईने मिस्ड कॉल दिला.

हळदीच्या मांडवात बाळारामने हौसेने दोन्ही फोटो मोठे करून शेजारी-शेजारी लावले, वर हार घातले. जेवताना एका पाहुण्याने विचारलंच, "केसरीनाथशेठ, तुम्ही यातले जाणकार. कुठली ओ ही बंदूक?"

आजवर त्याने ओळखलेल्या बंदुकांमध्ये अंदाजच फार होता. ही एकच त्याला शंभर टक्के माहीत होती. माधवी समोरून टक लावून बघत होती.

"थ्री नॉट थ्री," केसरीनाथ म्हणाला, आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पंगतीत वाढायला गेला.