छावणीचं पाणी

डॉ. बोरगावकर सकाळी साडेसहाला पहिल्यांदा आत गेले तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. पाऊण तासात ते चौथ्यांदा गेले, तेव्हा लक्ष्मणरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि दमयंतीबाईंनी पोह्यांच्या कढईखालचा गॅस बंद केला.

बोरगावकर हे साधे पाहुणे नव्हते. लक्ष्मणरावांच्या मुलीच्या, चारुताच्या, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा घ्यायला ते बाहेरगावाहून आले होते. दुष्काळामुळे अतिथिगृहाचे नळ कोरडे, मार्गदर्शकांच्या घरी पाच दिवस पाणी नाही, म्हणून परीक्षक परीक्षार्थीच्याच घरी उतरले होते. परीक्षा अकराला. ती आज झाली नाही, तर चारुताला मिळालेली कॉलेजातली नोकरी हातची जाणार होती.

"बाबा, काल सरांना कुठलं पाणी दिलंत?" चारुताने हळूच विचारलं.

"चांगलं दिलं. छावणीचं."

लक्ष्मणरावांच्या बायपासपलीकडच्या वसाहतीत घरं येऊन पोचली होती, नळ अजून यायचे होते. सगळा कारभार टँकरवर. लक्ष्मणराव शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या बहिणीकडून स्कूटरवर नळाच्या पाण्याचा एक कॅन आणत आणि आल्यागेल्यासाठी फडकं बांधून जपून ठेवत. घरचे टँकरचं पाणी उकळून पीत. पाहुण्याला टँकरचं देणं त्यांच्या जिवावर येई.

"आणलं कधी होतं?"

"पाडव्याला."

"परवा हनुमान जयंती झाली, बाबा."

"नळाचं होतं गं," लक्ष्मणराव पुटपुटले. "ते कशाला उकळायचं, असं वाटलं."

यातली आणखी एक अडचण म्हणजे चारुताचा विषय. आतड्यातला नायट्रिक ऑक्साइड आणि अतिसार. चार वर्षं कोणी विचारलं की लक्ष्मणराव "पोटाच्या संदर्भातलं आहे" म्हणत आणि पावसाकडे वळत. पाऊस नसल्यामुळे तो विषय बराच वेळ पुरे.

सातव्या खेपेनंतर दमयंतीबाई टाकीत डोकावून आल्या. "तळ लागला. टँकर उद्या आहे. भामाबाईंकडे मागा."

लक्ष्मणराव एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. त्या काळात त्यांनी कोणाकडे काही मागितलं असेल तर मुदत संपलेली पुस्तकं, तीही चिठ्ठी पाठवून. ते बादली धोतराआड धरून शेजारच्या दारात उभे राहिले.

"एक बादली पाणी... म्हणजे, असलं तर..."

"कुनाला काय झालं, भाऊ?" भामाबाईंनी विचारलं.

"पाहुण्यांचं... पोटाच्या संदर्भातलं आहे."

"हगवन म्हना की. त्यात लाजायचं काय?" भामाबाई ओट्यावर आल्या आणि समोरच्या घराकडे तोंड करून म्हणाल्या, "ओ सर्जेराव, भाऊंच्या पाव्हन्याचं पोट लई बिघडलंय. पानी घेऊन या."

गल्लीला कळायला तेवढं पुरलं. लक्ष्मणराव घरी पोचेपर्यंत मागे बादल्यांची रांग लागली होती. कोणी घागर आणली, कोणी डाळिंबाची साल.

"सर्जेराव, तुमच्याकडं तरी कुठं आहे?" लक्ष्मणराव म्हणाले.

"आमच्या आंघोळी उद्या. परीक्षा आज हाय ना?"

मीठ-साखरेचं पाणी घेत बोरगावकर म्हणाले, "मला विद्यापीठापर्यंत जाववणार नाही." चारुताचा चेहरा उतरला. तिने मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, आम्हीच सगळे येतो.

तोंडी परीक्षा खुली असावी असा नियम आहे. इतकी खुली परीक्षा मात्र आजवर कोणाची झाली नसेल. बोरगावकरांची खुर्ची संडासाच्या दाराजवळ, मार्गदर्शक पलंगावर, ओट्यावर बादल्यांसह गल्ली. दुसऱ्याच प्रश्नाच्या मध्यावर परीक्षक उठले. उरलेला प्रश्न दाराआडून आला.

"तर, चारुता, या क्षणी माझ्या आतड्यात काय चाललंय?"

चारुताने दाराकडे तोंड केलं. "सर, नायट्रिक ऑक्साइड बेताचा असतो तेव्हा आतड्याचे स्नायू सैल पडतात, अन्न पुढं सरकतं, पाणी शोषलं जातं. जंतू शिरले की पेशी तोच वायू भरमसाट तयार करतात. मग आतडं पाणी घ्यायचं सोडून बाहेर टाकायला लागतं."

"टँकरवाल्यासारखं," ओट्यावरून भामाबाई म्हणाल्या. "बेतानं सोडलं तर घागरी भरतात. एकदम सोडलं की सगळं रस्त्यावर."

दाराआडून आवाज आला, "बाईंचं उत्तरही ग्राह्य आहे."

दुपारी निकालावर सही झाली. संध्याकाळी जरा बरं वाटल्यावर बोरगावकर निघाले, तेव्हा लक्ष्मणराव पायांकडे बघत म्हणाले, "सर, दोष माझा. आम्ही टँकरचं पितो. घरातलं चांगलं पाणी तेवढं तुम्हाला दिलं."

बोरगावकरांनी लक्ष्मणरावांचा हात हातात घेतला आणि चारुताला म्हणाले, "प्रबंधात एकच दुरुस्ती. ऋणनिर्देश अपुरा आहे."

पंधरा दिवसांनी बांधलेली प्रत घरी आली. लक्ष्मणरावांनी सवयीने आधी शिवण तपासली आणि मग पहिली पानं उघडली. ऋणनिर्देशात प्रयोगशाळेच्या नावाखाली भामाबाई होत्या, सर्जेराव होते, गल्लीतली सगळी नावं होती. शेवटी लिहिलं होतं, 'आणि माझे वडील, ज्यांनी घरातलं सर्वांत चांगलं पाणी पाहुण्यासाठी जपून ठेवलं.'

त्यांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात कुंपणापलीकडून भामाबाईंनी विचारलं, "भाऊ, माझं नाव छापलंय म्हनं. पन चारूनं लिवलंय तरी कशावर?"

लक्ष्मणरावांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग पुस्तक छातीशी धरून ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"हगवणीवर."